थोरली मिटून बसली तेव्हा

माझ्या बाटलीतलं पाणी त्याने आधी उजेडात धरलं, मग झाकण उघडून हुंगलं, आणि मग चक्क दोन बोटांवर घेऊन चोळून बघितलं.

"चव पण घेणार का?" मी विचारलं.

"लागली तर घेईन." तो अगदी शांतपणे म्हणाला. "पाणी चांगलं आहे. आजारी कोण आहे?"

मी खाऱ्या पाण्याच्या माशांच्या दुकानात उभी होते. दुकानदार आतून मिठाची गोणी आणायला गेला होता, आणि गल्ल्याला टेकून उभा असलेला हा माणूस दुकानातलाच असणार असं समजून मी बाटली त्याच्या हातात दिली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. टाक्यांच्या निळ्या उजेडात त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण बाटली धरायची त्याची पद्धत मात्र मला दिसली. घाई नाही. जगात एवढं एकच पाणी आहे अशी धरलेली.

"थोरली," मी म्हणाले. "थोरली आजारी आहे."

"तुमची बहीण?"

"जवळजवळ."

तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. मग मला सगळं सांगावंच लागलं.

थोरली म्हणजे आमच्या घरच्या टाकीतलं कोरल, जिवंत प्रवाळ. बारा वर्षांपूर्वी बाबांनी अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, आता ती कोबीच्या गड्ड्याएवढी झाली आहे. टोकाला हातोडीसारखी वळलेली तिची मऊ बोटं दिवसभर पाण्यात डुलतात. शांत, वेळेवर खाणारी, उलट न बोलणारी... म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं थोरली, आणि एकुलती एक असूनही मी झाले धाकटी. मी तिच्या चौदा वर्षं आधी जन्मले, हा मुद्दा बाबांना किरकोळ वाटतो. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते आत्याकडे गेले तेव्हा मला एकच वाक्य सांगून गेले. "धाकटे, तुझी मला काळजी नाही. थोरलीला सांभाळ."

आणि मी सांभाळत असतानाच थोरली मिटली होती. बोटं आत, अंग आखडलेलं, बुडाशी पांढरा सांगाडा डोकावायला लागलेला. बाबा परत यायला सहा आठवडे उरले होते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा. थोरली कशी आहे? आणि मी... मी फोनमधला जुना व्हिडिओ लॅपटॉपवर लावून कॅमेऱ्यासमोर धरायचे. शरम वाटत होती. पण गुडघ्यात टाके असलेल्या माणसाला खरं कसं सांगणार?

हे शेवटचं मात्र मी त्या दिवशी दुकानात बोलले नाही.

तेवढ्यात दुकानदार आला. "अहो, हे आमचे कोरलचे डॉक्टर. शनिवारी इथे बसतात, बाकी दिवस लोकांच्या घरच्या टाक्या बघतात. यांच्या हाताला गुण आहे."

"आणि नाकालाही," मी म्हणाले. मनात त्याच क्षणी त्याचं नाव ठरून गेलं – वैद्यबुवा.

"उद्या सकाळी येतो," वैद्यबुवा म्हणाला. मी दारापर्यंत पोचले तर मागून हाक आली, "अहो, तुमची तपकिरी छत्री राहिली."

माझी छत्री लाल आहे. नुसती लाल नव्हे, पिकलेल्या मिरचीची लाल. रंग हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, त्यामुळे असलं काही ऐकलं की मला चावल्यासारखं होतं. बेफिकीर दिसतोय माणूस, असं ठरवून मी छत्री घेतली. त्याची बोटं ओली होती, खारट पाण्याने. रस्ताभर मला तेवढंच आठवत राहिलं.

रविवारी तो बरोबर दहाला आला, खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन. बूट काढले आणि टाकीपुढे जमिनीवर मांडी घालून बसला. दहा मिनिटं काहीच बोलला नाही. मी चहा केला, तो निवला.

"काही बोलाल का?"

"ती बोलतेय, ते ऐकतोय." मग त्याने कामाला सुरुवात केली. दुर्बिणीसारख्या छोट्या नळीतून पाण्याचा खारेपणा बघितला. हीटरमधून पाण्यात वीज उतरत नाही ना, ते तपासलं. काच पुसायच्या चुंबकाला गंज आहे का, पंपाचा झोत थेट तिच्या अंगावर येतो का, कुणी रोगट किडा खडकाच्या फटीत लपलाय का – भिंग, टॉर्च, सगळं झालं. मला तर पोलिसांनी चौकशीला बसवल्यासारखे प्रश्न विचारले.

"फरशी कशाने पुसता? टाकीत हात घालताना हाताला क्रीम होतं? खोलीत अत्तर, फवारे?"

"अत्तर लावायला कारण लागतं हो," मी म्हणाले आणि लगेच कानापर्यंत तापले. का बोलले असेन? पण त्याचं माझ्या चेहऱ्याकडे लक्षच नव्हतं. सुटले.

"दिवा वडिलांनी लावलाय तसाच आहे?"

"तसाच," मी छातीठोकपणे सांगितलं.

मग त्याने छोट्या बाटल्यांतले थेंब मोजून काचेच्या नळीत टाकले, नळी हलवली आणि सरळ माझ्या हातात दिली. "गुलाबी कितपत आहे? कार्डावर जुळवून सांगा."

"मी?"

"रंगाच्या कारखान्यात आहात म्हणालात ना. तुमच्यापेक्षा चांगले डोळे कुठून आणू?"

मग आम्ही दोघं खिडकीशी, एका कार्डावर वाकलो. माझी वेणी त्याच्या मनगटावर पडली, ती मी उचलली नाही... म्हणजे जरा उशिराने उचलली. नायट्रेट ठीक निघालं, फॉस्फेट ठीक, सगळंच ठीक. पाण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि थोरली तरी मिटलेलीच.

"तुम्ही नेमकं करता काय तिथे?" नळ्या धुताना त्याने विचारलं. त्याला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल असायचं, आणि विचारल्यावर तो उत्तर पूर्ण ऐकायचा.

"लोक जुन्या भिंतीचा टवका आणतात, म्हणतात असाच रंग हवा. मी जुळवते. सकाळी गेल्या गेल्या दिव्याची पेटी सरळ करायची – म्हणजे उजेड ना निळा, ना पिवळा – आणि मगच रंगाला हात लावायचा. वाकड्या उजेडात रंग खोटं बोलतो."

"वाकडा उजेड," तो हळूच म्हणाला आणि पेटी आवरायला लागला. त्याच्या बाटल्यांची टोपणं वेगवेगळ्या रंगांची होती, तरी प्रत्येकावर चाकूने खाचा केल्या होत्या. एक, दोन, तीन. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, सवय.

जाताना त्याने मला गृहपाठ दिला. पुढच्या रविवारी दिवसभर थोरलीकडे बघायचं आणि तासातासाला लिहून ठेवायचं.

मी लिहिलं. सकाळी सात, दिवा लागायच्या आधी: बरीच फुललेली. दहा: अर्धी. बारा: मिटली. चार: मिटलेली, रुसलेली. आदल्या रात्री, दिवा गेल्यावर: हळूहळू बाहेर. चारच्या सुमारास वैद्यबुवाने येऊन तो कागद तीनदा वाचला.

"'रुसलेली' हे निरीक्षण आहे की मत?"

"निदान आहे."

"मग निम्मं बरोबर आहे. ती दिव्यावर रुसली आहे." तो टाकीपुढे खाली वाकला, वर बघितलं, पुन्हा खाली. "पण दिवा तर वडिलांचाच, बारा वर्षं तिला मानवलेला. मला तो जास्त प्रखरही दिसत नाही. दुकानातलं उजेड मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय... कळत नाही मला." 'कळत नाही' हे इतकं सरळ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्या दिवशी थोरलीच्या एका फांदीवरचं मांस सुटून आलं. त्याने ते चिमट्याने अलगद बाहेर काढलं आणि मला रडू फुटलं. तो माझ्या शेजारी बसून राहिला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि दोघांनीही तो हलवला नाही.

मला तो आवडायला लागला होता. अगदी सरळ सांगायचं तर फार आवडायला लागला होता. पण त्याच्याविषयी एक गाठ सुटत नव्हती. तपकिरी छत्री. खाचा. 'गुलाबी कितपत?' एकदा तर मी लालभडक सदरा घातला होता, तर म्हणे, या गडद रंगात थकलेल्या दिसता. मला संशय आला, आणि संशय आला की मला गप्प बसवत नाही. कारखान्यात मी दोन कार्डं रंगवली. एक किरमिजी तपकिरी, एक गडद शेवाळी. कुणालाही लांबून वेगळी ओळखू येतील अशी.

तिसऱ्या रविवारी मी ती त्याच्यापुढे धरली. "टाकीतल्या शेवाळाच्या जवळचा रंग कुठला हो, यातला?"

त्याने बराच वेळ बघितलं. कार्डांकडे, मग माझ्याकडे. आणि त्याचा चेहरा बंद झाला.

"दोन्ही एकच आहेत," तो म्हणाला. "हेच ऐकायचं होतं ना तुम्हाला?"

"नाही... म्हणजे, मला फक्त–"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. परीक्षा कशाला घ्यायची?" त्याने पेटी उचलली. दार लोटलं गेलं आणि मी हातात दोन कार्डं घेऊन उभी. इतकी मूर्ख मी स्वतःला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

मग पळाले. अनवाणीच, जिन्यावरून.

तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाऊस कमी व्हायची वाट बघत थांबला होता. मी धापा टाकत म्हणाले, "चुकलं माझं. विचारायची भीती वाटली. आणि भीती का वाटली, ते... ते नंतर सांगेन."

तो पायरीवर बसला. मीही बसले, मध्ये पेटी.

"मला लाल दिसत नाही," तो म्हणाला. "जन्मापासून. लाल म्हणजे माझ्यासाठी एक मळकट काळोख. कोरल मी आकारावरून ओळखतो – किती फुललंय, कुठे ताणलंय, कसं डुलतंय, वास कसा येतोय. तेवढ्यावर आजवर निभावलं. पण कोरलचा डॉक्टर आणि रंग कळत नाहीत, हे लोकांना सांगितलं तर उद्या दारात उभं कोण करेल? आणि तुम्हाला तर... तुम्हाला तर अजिबात सांगायचं नव्हतं."

"का?"

"तुमच्यापुढे रंगाचं नाव काढायचं म्हणजे गवयापुढे बेसूर गाणं." तो जरासा हसला. "तुम्हाला टाकी कशी दिसत असेल देव जाणे. मला सगळ्या टाक्या दिसतात तशीच दिसते. निळी."

"निळी?" मीही हसले. "आमची टाकी निळी नाहीये. चांगली जांभळट गुलाबी आहे. निळ्या उजेडात टाकीतली लाल कोळंबी काळी दिसायची, म्हणून बाबा गेले त्याच दिवशी मी दिवा सरळ–"

मी थांबले. तोही थांबला. खाली रस्त्यावरून एक गाडी पाणी उडवत गेली.

"सरळ?" त्याने विचारलं.

"म्हणजे त्यातला लाल... पार वर नेला."

"पण तुम्ही म्हणालात, दिवा तसाच आहे."

"अहो, सरळ करणं म्हणजे काय बदल करणं का? ते तर आम्ही रोज सकाळी... हात धुतल्यासारखं..." आणि माझंच मला ऐकू आलं. कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी होता, तोही मारला. "मीच केलं हे. मीच तिला भाजतेय, महिनाभर!"

"आणि मी त्याच दिव्याखाली बसून चुंबकाचा गंज शोधत होतो," तो म्हणाला. "डोळे धड असलेला कुणीही दारातूनच ओरडला असता. समुद्रात खाली लाल उजेड पोचतच नाही हो, वरच्या वरच विरतो. तिच्या अंगाला तो कधी ठाऊकच नव्हता."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही एकदमच उठून वर धावलो. पेटी जिन्यातच राहिली.

दिव्याच्या रिमोटवर बाबांचा आकडा कुठला होता, ते मला आठवेना. म्हणजे बाबांना फोन करणं आलं. वैद्यबुवा म्हणाला, "मी थांबतो इथेच."

"बाबा, दिव्यात लाल किती ठेवायचा तुम्ही?"

"शंभरात पाच. का गं?"

मी सगळं सांगितलं. दिवा, थोरली, मांस सुटलेली फांदी आणि जुना व्हिडिओ. मला वाटलं, आता संपलं.

"व्हिडिओचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," बाबा म्हणाले. "त्यात टाकीच्या काचेत माझंच प्रतिबिंब दिसतं, कप घेऊन उभं. रोज संध्याकाळी मी आत्याकडे पडून स्वतःलाच चहा पिताना बघतोय. म्हटलं, धाकटी सांगेल तिला जमेल तेव्हा."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो ना. पण गुडघ्यामुळे येरझाऱ्या घालता येत नाहीत, त्यामुळे राग टिकत नाही. आता ऐक. लाल एकदम खाली आणू नकोस, आठवडाभरात उतरव. आणि बरोबर कोण आहे तुझ्या? कुणीतरी घसा खाकरला."

"वैद्यबुवा," माझ्या तोंडून गेलं. वैद्यबुवाने भुवया उंचावल्या. त्याला हे नाव आजवर माहीत नव्हतं.

पुढचे जवळजवळ चार आठवडे आम्ही उजेड उतरवला आणि वाट बघितली. तो रविवारी यायचा, मग बुधवारीही यायला लागला. मांस सुटलेली फांदी परत भरून आली नाही, पण बाकीच्यांचा सांगाडा हळूहळू झाकला गेला. दुकानात त्याने पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला सांगितलं, रंग तुम्हीच वाचा, मला लाल दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, बरं, आणि नळी हातात घेतली. एवढंच झालं. ही हकिकत त्याने मला तीनदा सांगितली.

बाबा यायच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, भर दिव्यात थोरली उमलली. आधी एका कडेची बोटं बाहेर आली, मग सगळीच. झोतात डुलायला लागली. आम्ही जमिनीवर बसलो होतो, मध्ये पेटी नव्हती.

"कशी दिसतेय? रंगाने सांग," तो म्हणाला. 'सांगा' नाही, 'सांग'.

"कोवळी हिरवी. टोकांना जरा सोनेरी, आणि बुडाशी... कोवळ्या पालवीचा असतो ना, तसला तांबूस." मग मी विचारलं, "आणि तुला?"

"मला एकशे दहा बोटं दिसतायत, आणि एकही दुसरीसारखी हलत नाहीये." तो वळला. "जिन्यात म्हणाली होतीस, विचारायची भीती का वाटली ते नंतर सांगेन."

माझा चेहरा पेटला. पण त्याला कुठे दिसणार होतं? इतके दिवस त्याच भरवशावर तर मी त्याच्यासमोर खुशाल लाजत आले होते.

"आत्ता लाल झाली आहेस," तो म्हणाला.

"काहीतरीच! तुला कसं कळणार?"

"रंगाने नाही कळत. पण मी आलो की तू पेनचं टोपण उघडतेस, मिटतेस. मी निघालो की तुला एखादी टेस्ट राहिल्याची आठवण होते. गेल्या बुधवारी नायट्रेट तीनदा मोजलं आपण. आणि आत्ता तू श्वास धरलायस... कधीपासून."

मी श्वास सोडला. "मग निदान काय, वैद्यबुवा?"

"सांगायला भीती वाटते. चुकलं तर?"

"मागे चुकला होतास तेव्हा मी होतेच ना."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. चव घेणार का विचारलंस, तेव्हापासून. हे माझं झालं. तुझं निदान तू सांग."

"तेच," मी म्हणाले. "अगदी तेच." आणि त्याचा हात हातात घेतला. अजूनही ओला होता, खारट पाण्याने.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. रोजच्यापेक्षा आज जरा लवकर. आज मी लॅपटॉप काढला नाही. बसल्या जागेवरूनच, डाव्या हाताने, फोन सरळ टाकीसमोर धरला.

बाबांनी नाक ओढलं. "उमलली गं," ते म्हणाले. "माझी थोरली उमलली."

"हो, बाबा."

"चांगली दिसतेय. उद्या येतोच." मग त्यांनी विचारलं, "धाकटे, काचेत तुझा हात कुणाच्या हातात दिसतोय?"

मी हात सोडवला नाही.